घासा, मिस्त्री

आमच्या गॅरेजशेजारी बॅटरीचं दुकान होतं, त्या मिस्त्रीची ही हकिगत. हाताचा पक्का, तोंडाचा फटकळ. सरका जवळ.

एका संध्याकाळी तो शटर ओढत होता, तेवढ्यात एक टॅक्सीवाला आला.

"मिस्त्री, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं साचलंय. गाडी कधी सुरू होते, कधी नाही. बायकोचे दिवस भरलेत हो. पाच मिनिटांचं काम."

"मग तूच कर की! शटर पडलं. उद्या ये."

त्याच रात्री कळा सुरू झाल्या. गाडी काही सुरू झाली नाही. बायको मागच्या सीटवरच गेली. पोटातलं पोरही गेलं.

"नशिबापुढे कोणाचं चालतं?" मिस्त्री म्हणाला, आणि जेवायला बसला.

महिन्याने, मंगळवारी रात्री सव्वादोनला दारावर थाप पडली.

"मिस्त्री, गाडी सुरू होईना."

आवाज त्या टॅक्सीवाल्याचाच. मिस्त्री चरकला, पण या खेपेला नाही म्हणायची छाती झाली नाही. सोडा घातलेलं गरम पाणी आणि तारेचा ब्रश घेऊन तो गल्लीत उतरला. तीच टॅक्सी. बॉनेट उघडं. टॅक्सीवाला पाठमोरा.

मिस्त्रीने आधी काळी वायर सोडली, मग लाल. पाणी ओतलं. फस्सकन फेस आला. दोन्ही टर्मिनल घासून लख्ख केले. वायर उचलायला वळला, परत पाहिलं...

थर जसाच्या तसा.

"घासा."

घासलं. पुन्हा थर. पाऊस सुरू झाला. ब्रशच्या तारा झडल्या.

"ब्रश... ब्रश संपला, बाबा."

"बोटं आहेत ना?"

मागच्या सीटवर कोणीतरी कण्हलं.

त्याने नखांनी खरवडलं. नखं गेली. ॲसिड झोंबत होतं. हात मागे घेतला की आतून किंकाळी...

"घासा, मिस्त्री."

...

पहाटे मिस्त्रीच्या बायकोच्या हाका ऐकून आम्ही धावलो. मिस्त्री भिजून चिंब, गुडघ्यांवर बसलेला. दोन्ही हात हवेत, खरवडत. बोटांची हाडं दिसत होती. गाडी कुठेच नव्हती.

टॅक्सीवाल्याकडे माणूस पाठवला. तो घरात झोपलेला, जिवंत. टॅक्सी त्याने तेराव्यालाच भंगारात दिली होती. तुकडे झाले होते तिचे.

मिस्त्रीला उचललं, तेव्हा मी खाली पाहिलं. त्याच्या पुढ्यात गाडीएवढी जमीन कोरडी होती. धूळसुद्धा भिजली नव्हती.

आणि पाऊस अजून पडत होता.