इनासकाकांचा कोरडा अ‍ॅम्प

पापडीच्या बाजारामागच्या त्या दुकानात लोक यायचे ते तक्रारी घेऊनच. कुणाचा अ‍ॅम्प गुणगुणायचा, कुणाचा खरखरायचा, कुणाचा तापून जळका वास सोडायचा. फ्लोरी परेराला या तक्रारी तोंडपाठ होत्या. पण त्या सकाळी इनासकाका मच्याडो जी तक्रार घेऊन आले, ती तिने उभ्या जन्मात ऐकली नव्हती.

"माझा अ‍ॅम्प चुकत नाही," ते म्हणाले.

"मग पेढे वाटा की."

"थट्टा नको, बाय. परवा उमराळ्याच्या लग्नात वाजवताना माझं बोट घसरलं. भलत्याच तारेवर पडलं. बोट माझं आहे, मला कळणार नाही? पण स्पीकरमधून सूर आला तो बरोबर!"

बोलताना त्यांनी एकदा मागे वळून दाराकडे पाहिलं. जणू काही चोरीचा माल घेऊन आले होते.

दुसऱ्या कुणाच्या अ‍ॅम्पने हे केलं असतं, तर फ्लोरीने खांदेही उडवले नसते. सावरक आता कुठे नव्हता? बटणाएवढी ती चकती अ‍ॅम्पमध्ये बसवली की वाजवणाऱ्याचा हात ती शिकून घ्यायची. कोणत्या गाण्यात बोट कसं पडतं, तार किती दाबली जाते, नखी किती जोरात लागते, सगळं. मग हात चुकला की तार छेडल्यापासून आवाज बाहेर पडेपर्यंतच्या निमिषात ती चकती चुकीचा सूर गिळायची आणि त्याच माणसाचा, पूर्वी कधीतरी बरोबर वाजलेला सूर त्या जागी ठेवायची. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नसे. वाजवणाऱ्यालाही हळूहळू लागेनासा होई, आणि खरं दुखणं तिथेच होतं.

इनासकाका या चकतीचे हाडवैरी. लग्नाच्या मांडवात, सणाच्या जेवणावळीत, जिथे माणूस सापडेल तिथे ते सांगत, "सावरक लावून वाजवणं म्हणजे दुसऱ्याच्या दातांनी चणे खाणं." काचेचे व्हॉल्व्ह, लाकडी खोका, एक स्पीकर आणि आपला हात, एवढ्यावर त्यांनी आयुष्य काढलं होतं. असल्या सावरक नसलेल्या अ‍ॅम्पला वसईत 'कोरडा' म्हणत. कोरडं वाजवणाऱ्यांची दरवर्षी गिरीजच्या मैदानावर मैफल व्हायची, आणि तिथला प्रत्येक अ‍ॅम्प आधी फ्लोरीकडून तपासून यायचा. तपासून झाला की ती स्क्रूच्या डोक्यांवर लाल नेलपॉलिशचा थेंब सोडायची. थेंब फुटलेला नसला म्हणजे आत कुणी हात घातलेला नाही. गावाने त्या थेंबावर इतकी वर्षं डोळे मिटून विश्वास ठेवला होता. यंदाची मैफल येत्या रविवारी होती.

इनासकाकांनी अ‍ॅम्प पालथा केला. सगळे थेंब जागच्या जागी होते.

"हा तुझ्या दुकानाशिवाय कुठे उघडत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे माझ्यावर संशय?"

"मी कुठे संशय घेतो? कोण उघडतं ते सांगतो फक्त."

फ्लोरीचं डोकं भणभणलं. म्हातारा कधीपासून ओळखीचा. त्याच्या मांडीवर बसून ती पहिल्यांदा गिटारची तार छेडायला शिकली होती, आणि आज तो तिच्या तोंडावर असं बोलत होता. तिने आपली गिटार जोडली आणि मुद्दाम बेसूर वाजवलं. अ‍ॅम्पमधून तेवढंच बेसूर बाहेर पडलं.

"बघा. सावरक असता तर हे सुधारलं असतं."

"मी वाजवू?"

"उद्या या," फ्लोरी म्हणाली. "उघडून बघते." खरं तर आता तिलाच त्यांच्यासमोर तो उघडायची धास्ती वाटायला लागली होती.

ते गेल्यावर तिने थेंब खरवडले आणि मागची फळी काढली. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये वीज बंद केल्यावरही कंडेन्सरच्या पोटात जीवघेणा दाब दडून बसलेला असतो. म्हणून या धंद्यात एक हात खिशात ठेवून काम करतात. धक्का बसलाच तर तो एका हातातून दुसऱ्या हातात, छातीतून जाऊ नये. डावा हात खिशात घालून तिने एकेका कंडेन्सरमधली वीज उतरवली. व्हॉल्व्ह पाहिले, जोड पाहिले. सगळं तिचंच काम, तिच्याच हातचं. मग कोपऱ्यातल्या मोठ्या, पत्र्याच्या नळकांड्यासारख्या कंडेन्सरवर तिची नजर अडली. असल्या कंडेन्सरला दोन तारा पुरतात. याला पाच होत्या.

तिने नळकांडं सोडवून कापलं. आत एक छोटासा कंडेन्सर होता, आणि त्याला चिकटून बसलेला सावरक.

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. सावरक ओळखीच्याच हाताला सावरतो. परक्या हाताखाली तो झोपून राहतो. दरवर्षी ती अ‍ॅम्प तपासायची तो स्वतः वाजवून, आणि तिच्या हाताखाली इनासकाकांचा सावरक गाढ झोपलेला असायचा. झोपलेल्यालाच साक्षीला बोलावून ती लाल थेंब सोडत आली होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग राग आला.

थेंब तिचे होते. नेलपॉलिशची बाटली दुकानातल्या खणात असायची. त्या खणाला हात लावणारी माणसं दोनच, ती आणि तिचा धाकटा भाऊ सायमन.

सायमन दुपारी माल घेऊन आला तेव्हा तिने काही विचारलं नाही. नुसती बघत राहिली. तो शिटी वाजवत खोकी उतरवत होता. टेबलावर उघडलेला अ‍ॅम्प दिसताच शिटी थांबली.

"इनासकाकांचा ना?" त्याने विचारलं.

"हो. का?"

"काही नाही. काय झालंय त्याला?"

"तूच सांग."

"मी काय सांगणार?" असं म्हणून तो खोकी रचायला लागला. रचलेली खोकी पुन्हा काढून पुन्हा रचायला लागला. फ्लोरीने मनाशी खूणगाठ बांधली. सावरक बनवणाऱ्या कंपनीची माणसं गावोगाव फिरून असले उद्योग करायला लावतात, हे तिच्या कानावर होतंच. कोरडं वाजवणाऱ्यांचा म्होरक्याच सावरकावर वाजवतो हे रविवारी भर मैदानात उघडं पडलं, तर कंपनीची दिवाळी होती. आणि आपला भाऊ त्यात सामील! आता तोंड उघडलं तर तो सगळं नाकारेल, असं तिला वाटलं. आधी अ‍ॅम्प खरोखरचा कोरडा करायचा, इनासकाकांच्या हवाली करायचा, मग याचा समाचार घ्यायचा. तिने सायमनने आणलेल्या मालातलाच नवा कंडेन्सर उचलून बसवला.

दुसऱ्या दिवशी इनासकाका आपली गिटार घेऊन आले. "सापडलं काही?"

"वाजवून बघा," फ्लोरी म्हणाली. चकती तिच्या अ‍ॅप्रनच्या खिशात होती.

त्यांनी एक संथ चाल धरली. पहिले काही सूर छान आले. मग एक लांब सूर त्यांनी धरून ठेवला आणि तो सूर हलायला लागला. भक, भक, भक, भक, एका ठेक्यात.

"अरेच्चा," इनासकाका म्हणाले.

"मोटरबोट!" फ्लोरी लगेच म्हणाली. कंडेन्सर वाळला की अ‍ॅम्प खाडीतल्या होडीसारखा भकभकतो, त्याला तिच्या धंद्यातलं हे नाव. "कंडेन्सर भिकार निघाला. सायमन! कुठून उचलून आणतोस हा कचरा?"

तिने दुसरा कंडेन्सर लावला. भकभक तशीच. व्हॉल्व्ह बदलले. तशीच. खऱ्या मोटरबोटीला वाजवणारा लागत नाही, ती मुकाट बसलेल्या अ‍ॅम्पमध्येही चालू राहते, हे या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, फ्लोरीला तर होतंच. इथे तर तार थांबली की भकभक थांबत होती. पण तिच्या मनात सायमन असा घट्ट बसला होता की, सायमनने आणलेल्या प्रत्येक वस्तूत तिला खोट दिसत होती. तिने तिसरा कंडेन्सर काढला तेव्हा सायमन हळूच म्हणाला, "ताई, तू वाजवून बघ ना."

"मला शिकवू नकोस."

पण तिने वाजवलं. इनासकाकांचीच गिटार, तोच अ‍ॅम्प. लांबच लांब सूर धरून ठेवला. सूर सरळ निघाला, कुठेही न हलता.

तिने मान वर केली. इनासकाका स्टुलावर बसले होते. सायमनने आणून दिलेला चहा उजव्या हातात होता. डावा हात मांडीवर, विसरल्यासारखा पडला होता, आणि त्या हाताचा अंगठा बोटांवर फिरत होता, तंबाखू मळावी तसा. इनासकाका तंबाखूला शिवत नसत. अंगठा मळत होता, मळतच होता, आणि त्याचा ठेका तोच होता. भक, भक, भक, भक.

फ्लोरीच्या सासऱ्यांचा कंपवात असाच सुरू झाला होता. त्यांना कळलं तेव्हा उशीर झाला होता.

"काका, चहा घ्या निवांत," ती कशीबशी म्हणाली आणि सायमनला दंडाला धरून मागच्या खोलीत घेऊन गेली.

"बोल."

"मार्थाकाकू आल्या होत्या," सायमन म्हणाला. मार्था म्हणजे इनासकाकांची बायको. "दोन वर्षं झाली. म्हणाल्या, ह्यांच्या चुका व्हायला लागल्यात, वय झालं. पोरं मागून हसतात. ह्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना नावं ठेवली, आता हे ऐकलं तर अंथरूण धरतील. रडल्या गं माझ्यापुढे. मी काय करणार होतो?"

"मला सांगणार होतास!"

"तू थेंब सोडला नसतास."

फ्लोरीने खिशातून चकती काढली.

"हात हलतोय हे तेव्हा कुणाला माहीत होतं?" सायमन म्हणाला. "आईची शपथ, ताई, मला वाटलं वयच. नंतर काही ऐकूच आलं नाही. हा सावरक ऐकू देईल तर ना."

तेच तर होतं. या माणसाच्या दुखण्याची पहिली हाक त्याच्या सुरांत उमटली होती. डॉक्टरच्या आधी, बायकोच्या आधी, स्वतः त्याच्याही आधी ती गिटारच्या तारेला कळली होती. आणि ही चकती प्रत्येक वेळी ती हाक गिळून त्या जागी जुन्या, धडधाकट इनास मच्याडोचा सूर ठेवत गेली. लोक दोन वर्षांपूर्वीच्या माणसाला टाळ्या वाजवत होते, आणि आजच्या माणसाचा हात आतून सुटत चालला होता. चकतीला सगळं ठाऊक होतं. किती वेळा सावरलं, कोणतं बोट, कोणता ठेका. ते कुणाला सांगायचं असतं, एवढंच तिला शिकवलेलं नव्हतं. फ्लोरीच्या मनात आलं, अशा किती चकत्या किती हातांखाली बसल्या असतील? त्या काय काय जाणून गप्प असतील? आणि कंपनीत बसून हे सगळं कुणी वाचत असेल का?

"आता?" सायमनने विचारलं.

"आता काय! तुला नंतर बघते," ती म्हणाली, पण तिच्या बोलण्यात आता राग उरला नव्हता.

ती बाहेर आली. इनासकाकांनी कप खाली ठेवला होता. डावा हात त्यांनी उजव्या हाताखाली दाबून धरला होता.

"काय गं, कंडेन्सरच ना?" त्यांनी विचारलं. ते हसत होते. पण डोळे तिच्या तोंडावरून हलत नव्हते. "सायमनला बोलू नकोस हं. हल्ली मालच असा येतो."

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. म्हातारा स्वतःच ते तिच्या हातावर ठेवत होता. एक 'हो', चकती परत नळकांड्यात, वर लाल थेंब. रविवारी मैदान टाळ्यांनी दणाणलं असतं. फ्लोरीच्या ओठांवर ते आलंही. मग तिला जाणवलं की हे 'हो' म्हणजे दुसरं काही नाही, आणखी एक सावरकच.

तिने अ‍ॅम्प बंद केला आणि स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली. चकती दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवली.

"हा आत होता, काका. मी काढला. तुमचा संशय खरा होता." मग म्हणाली, "आणि आता अ‍ॅम्पमध्ये काहीच दोष नाही."

इनासकाका चकतीकडे बघत राहिले. मग त्यांनी उजवा हात बाजूला केला. डावा अंगठा पुन्हा मळायला लागला. पहिल्यांदाच पाहावा तसा त्यांनी तो पाहिला.

"आज आहे ना वेळ तुम्हाला?" फ्लोरी म्हणाली. "आपण डॉक्टरकडे जाऊ. मी येते बरोबर."

त्यांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. मागच्या खोलीच्या दारात सायमन खाली मान घालून उभा होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग स्क्रूंवरच्या खरवडलेल्या लाल डागांकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी जुळत गेलं.

"मार्था सकाळी माझ्या शर्टाची बटणं लावून देते," ते म्हणाले. "मला वाटायचं, प्रेमाने लावते. बँडची पोरं माझी गिटार उचलून नेतात. मला वाटायचं, मान देतात."

त्यांनी फ्लोरीकडे पाहिलं.

"खरं सांग, बाय. अजून कोण कोण सावरून घेतंय मला?"