पाहुणीची बोळवण

दहीभात, हळदकुंकू आणि खणनारळ ठेवलेलं ताट घेऊन मी दिवेलागणीला पिंपळवंडीच्या शिवेकडे निघाले. काम साधंच होतं. माझ्या अक्षदाला गोवर आला होता, म्हणजे आमच्याकडे म्हणतात तशी देवी पाहुणी आली होती. पुरळ सुकलं की पाहुणीला ओटी भरून शिवेवर पोचवतात. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण दारावरचा कडुलिंब आणि ते बिनफोडणीचं जेवण, ह्याला मी पार वैतागले होते.

पुरळ कधीच सुकलं होतं. सासूबाईच पाहुणीला जाऊ देत नव्हत्या. कारण अक्षदाला रक्ताचा कॅन्सर होता, आणि गोवराचा ताप उतरला तसा तोही गेला. रिपोर्टमध्ये खूणसुद्धा उरली नाही. डॉक्टर म्हणाले, "क्वचित होतं असं. टिकेल का, ते सांगता येत नाही."

सासूबाईंचं वेगळंच. "आरती, त्या आजाराला तिनंच दाबून धरलंय. ती गेली म्हंजी त्यो उठायचा न्हाई का?"

मला म्हातारीचाच संशय यायचा. रोज रात्री पाहुणीचं ताट वाढायची आणि सकाळी ते रिकामं असायचं. हीच खात असणार लपूनछपून! आज भांडूनच निघाले.

शिवेवर उसाच्या कडेला ताट ठेवलं. "जा बाई आता," पुटपुटले.

वारा नव्हता, तरी उसाची पानं सळसळत लांबवर गेली. बिबट्या असेल. बिबट्याच असला तर बरं, असं वाटलं. कडुलिंबाचा वास आला आणि विरला. खरंच तिनं धरून ठेवलं असेल तर? एकुलती एक पोर माझी.

मी ताट उचललं. "चुकलं माझं... चल, घरी चल परत."

वाटेत मागं पावलं वाजत होती. मी वळून पाहिलं नाही.

दारात सासूबाई अक्षदाला कुशीत घेऊन बसल्या होत्या. ताट बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. "आणलीस व्हय माघारी? लई बरं केलंस."

अक्षदा माझ्या खांद्यामागं बघत होती. ती आजीला बिलगली.

"मम्मी... तू एकीलाच नेलं व्हतं ना?"

"हो."

"मग ही दुसरी कोण आणलीस? हिच्या अंगाला दवाखान्यातल्या आपल्या वॉर्डाचा वास येतोय..."

तो वास मलाही येत होता.