लख्ख टाकीत मासे का येईनात?

मिरजेत २०५८ साली मासा विकत घेणं सोपं राहिलं नव्हतं. आधी दुकानाचा यंत्रमानव घर बघायला यायचा. घर पसंत पडलं, तरच मासे मिळायचे. नकार आला की मंडळी महिनाभर तोंड लपवून फिरत.

दहा वर्षांच्या शर्वाणी बोंद्रेने दक्षिण अमेरिकेतले इवलेसे मिशीवाले मासे निवडले होते. त्यांचं नाव पिग्मी कोरी. लांबी जेमतेम इंचभर. एकट्याने राहिले की घाबरतात, म्हणून सहा. मिशा नाजूक, म्हणून तळाला खडी नाही, मऊ वाळू. महिनाभर ती रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकत होती. मासे नसताना खाद्य कशाला, हे तिला ठाऊक नव्हतं. दुकानाने सांगितलं होतं, ती करत होती.

यंत्रमानव आला. त्याचा क्रमांक सात, म्हणून सगळे त्याला सातोबा म्हणत. आईने पोहे पुढे केले.

"मी खात नाही," सातोबा म्हणाला.

"निदान चव तरी बघा," आई म्हणाली.

सातोबाने टाकीत बोट बुडवलं. बोटाचं टोक हिरवं झालं.

"नापसंत."

शर्वाणीचा चेहरा पडला. "काय चुकलं?"

"टाकी फार स्वच्छ आहे."

आजोबा निवृत्त शास्त्रज्ञ. ते खाकरले. "अहो, पाहुणे येणार म्हणून काल मी स्वतः घासली. सगळं पाणी बदललं. फिल्टरमधला स्पंज तर उकळून काढला. तपकिरी, चिकट... शी!"

"त्या तपकिरी चिकटात कोट्यवधी जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव) राहत होते."

आजोबा चष्मा काढून पुसू लागले. तो पुसायची काही गरज नव्हती.

"पण हे मासेच टाकी साफ करतात ना?" आईने विचारलं. "मिशीवाले मासे घाण खातात म्हणे."

"नाही. ते जेवतात, आणि जेवणाऱ्या सगळ्यांसारखी घाण करतात," सातोबा म्हणाला. "त्या घाणीतून अमोनिया (माशांना जाळणारं विष) तयार होतो. माझं बोट त्यानेच हिरवं झालं. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट (पाणवनस्पतींचं खत) करतात. ते थोडं असलं तर माशांना चालतं, आणि पाणी अधूनमधून थोडंथोडं बदललं की वाढत नाही."

"म्हणजे मी महिनाभर खाद्य टाकत होते, ते जिवाणूंसाठी!" शर्वाणी म्हणाली. "खाद्य कुजायचं, त्याचा अमोनिया व्हायचा, आणि जिवाणू तो खाऊन वाढायचे."

"आणि काल ते सगळे वारले," आजोबा हळूच म्हणाले.

"यादीत तुमच्यानंतर नंबर पाटण्यांचा आहे," सातोबा म्हणाला. "हट्ट केलात, तर सोबत आणलेले हे सहा मासे आज इथे सोडता येतील. नियमात तेवढी पळवाट आहे."

शर्वाणीने टाकीकडे पाहिलं. इतकं नितळ पाणी तिने कधी पाहिलं नव्हतं. आणि त्यात वाळूत कुजणाऱ्या खाद्याचा अमोनिया होता, तो खाणारं कुणी उरलं नव्हतं.

"नको. पाटण्यांना दे," ती म्हणाली. "इथे मरतील ते."

सातोबाने बोट पुसलं.

"पाटण्यांकडे सकाळीच जाऊन आलो. त्यांनी टाकीतली वाळूसुद्धा उकळली आहे. त्यापुढच्या दोन घरांतही फिनेलचा वास येतो. मिरज फार टापटिपीचं गाव आहे."

मग त्याने पोटाचा कप्पा उघडून एक ओला स्पंज काढला. तो तपकिरी होता, चिकट होता, आणि त्याचा वास अवघड होता.

"दुकानातल्या जुन्या टाकीतला आहे. फिल्टरमध्ये ठेवा. खाद्य चालू ठेवा. मासे मी राखून ठेवतो."

तीन आठवड्यांनी सातोबाने पुन्हा बोट बुडवलं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट थोडं. सहा मासे पाण्यात उतरले, क्षणभर थबकले, आणि वाळूत मिशा खुपसून खाद्य शोधू लागले. शर्वाणीने काचेला नाक टेकवलं.

"आता पाटण्यांचं काय?" तिने विचारलं.

"वाट बघताहेत. चंद्रावरच्या नव्या शाळेलाही मासे हवेत. तिथे तर सगळंच निर्जंतुक."

शर्वाणीने फिल्टर उघडला. स्पंजाचे दोन छोटे तुकडे कापून टाकीच्याच पाण्यात, दोन डब्यांत ठेवले. आजोबांनी सुवाच्य अक्षरात दोन चिठ्ठ्या लिहून डब्यांवर चिकटवल्या, एक पाटण्यांच्या आणि एक चंद्राच्या:

'कृपया धुऊ नये.'