दुसरं हातवळण

कणचित्रकाच्या पडद्यावर दोन रंग दिसत होते. एकच दिसायला हवा होता.

"यंत्राचं काही बिनसलं असेल," अच्युत देवपुजारी म्हणाला.

"दोनदा तपासलं, सर," डॉ. नसरीन काझी म्हणाली. "यंत्र ठीक आहे. गाडी ठीक नाही."

गाडी अच्युतच्याच घरची होती. बुटीबोरीच्या विद्युतवाहन निगा केंद्रात तो मोटार, ब्रेक आणि टायर या विभागाचा प्रमुख होता. विजेच्या गाडीला इंजिन नाही, म्हणून तेल नाही, पट्टा नाही, प्लग नाही. टायर, शीतकद्रव आणि केबिनची जाळी एवढं पाहिलं की वर्ष निघून जातं, असं तो नव्या ग्राहकांना अकरा वर्षं सांगत आला होता. मोठा खर्च एकाच गोष्टीचा, विद्युतघटाचा म्हणजे बॅटरीचा. आणि त्याच्या स्वतःच्या गाडीचा घट चौथ्याच वर्षी एकतीस टक्के झिजला होता. दहाच्या वर जायला नको होता.

"हमी आठ वर्षांची आहे," तो म्हणाला.

"हमी एका हाताची आहे, सर. करारात तसंच लिहिलंय."

त्याच्या गाडीत होता तो वळणघट हा नसरीनच्या गटाचा शोध होता. अच्युतला त्यातलं वरवरचंच माहीत होतं. त्या दुपारी त्याने पहिल्यांदा खुर्ची ओढून नीट विचारलं.

"साध्या घटात ध्रुवावरचे कण एकदा बसवले की बसवले," नसरीन सांगू लागली. "आमच्या घटातले कण किंचित फिरू शकतात. चालवणारा पेडल जसं दाबतो तसा प्रवाह मागितला जातो. कोणाचा झटक्याने, कोणाचा हळूहळू. पाय उचलला की मोटारच जनित्र होते आणि वीज घटात परत येते. तीही कोणाची एकदम, कोणाची सावकाश. सहा-आठ महिन्यांत कण त्या सवयीप्रमाणे तिरके होऊन बसतात. घटाला वळण लागतं. मग प्रवाहाची वाट सोपी होते, घट तापत नाही, आणि गाडी उभी असताना बारीक भेगा आपोआप भरून येतात."

"आणि दोघांनी चालवली तर?"

"एकाने बसवलेले कण दुसरा उलटे फिरवतो, पुन्हा पहिला फिरवतो. भेगा भरायच्या आत नव्या पडतात. तुमच्या घटात तेच झालंय."

"दुसरा कधी चालवतो ते कळेल? वार, वेळ?"

"प्रवासाची नोंद गाडीत ठेवायला बंदी आल्यापासून ते कुठूनच कळत नाही. घट तारीख ठेवत नाही. माणूसही ओळखत नाही. प्रवाह कसा मागितला, एवढंच त्याला कळतं."

तिने पडद्यावरचा निळा भाग मोठा केला. "हे एक हातवळण. चाळीस टक्के. भित्रं आहे. थोडं दाब, सोड, पुन्हा थोडं दाब. मध्येच, कारण नसल्यासारखा वेग तोडलाय." मग तिने केशरी भाग पुढे आणला. "हे दुसरं. नऊशे गाड्या तपासल्या असतील मी, सर. असं हातवळण नाही पाहिलं."

अच्युतलाही ते वाचता येत होतं. लांब, सलग, एकाही ठिकाणी न तुटलेल्या रेषा होत्या. हा माणूस वळण यायच्या कितीतरी आधी पाय उचलत होता. चढावर तो घाई करत नव्हता, उतारावरची वीज थेंबन्‌थेंब परत घेत होता. अच्युत खाली कार्यशाळेत गेला आणि त्याने स्वतःच्या हातांनी चाकं उतरवली. ब्रेकच्या गाद्या जवळजवळ कोऱ्या होत्या.

निळं हातवळण त्याच्या ओळखीचं होतं. पाच वर्षांपूर्वी काचबिंदूने त्याच्या नजरेच्या दोन्ही कडा खाल्ल्या. परवाना गेला, आणि तेव्हापासून चालवणं सुमेधाकडे आलं. सुमेधा, त्याची बायको, भूजल सर्वेक्षणात भूवैज्ञानिक होती. सकाळी ती त्याला केंद्रात सोडायची, तिथून कुही, उमरेड, भिवापूरकडच्या विहिरींचं पाणी मोजायला जायची आणि संध्याकाळी त्याला घेऊन घरी यायची. ती कशी चालवते हे तो रोज शेजारी बसून पाहत होता. ती असंच चालवायची, थोडं दाबायची, सोडायची.

मग उरलेले साठ टक्के कोण चालवत होतं?

त्या संध्याकाळी गाडीत बसल्यावर त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "गाडी कधी कोणाला चालवायला देतेस का गं?"

"नाही. का?"

"पुढे ट्रक आहे. म्हणजे साईटवर वगैरे. तो इंगोले असतो ना तुझ्याबरोबर."

"इंगोलेच्या हातात गाडी?" सुमेधा हसली. "विहिरीत घालेल तो!"

अच्युतला ते हसणं फार मोकळं वाटलं. घरी ती इतकी मोकळी हसत नसे.

भूषण इंगोले हा तिच्या कार्यालयातला क्षेत्र सहायक, अडतिशीचा, उंच, बोलका माणूस होता. त्याच्याकडेही वळणघटाचीच गाडी होती. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय कोणाचं हातवळण दुसऱ्या गाडीशी जुळवायचं नाही, असा केंद्राचा नियम होता. अच्युतने इंगोलेला फोन केला आणि ओळखीतल्यांसाठी मोफत तपासणी आहे असं सांगितलं. इंगोले खूश होऊन आला, चहा प्यायला, टायर बदलायला झालेत का विचारून गेला. तो चहा पीत असतानाच अच्युतने त्याची गाडी कणचित्रकाखाली घातली होती.

पडद्यावर नुसता गिचमिडगोळा उमटला. इतकं वाईट हातवळण त्याने क्वचितच पाहिलं असेल. केशरीशी त्याचा दूरचाही संबंध नव्हता.

त्याला हायसं वाटायला हवं होतं. उलट तो अधिकच अस्वस्थ झाला. इंगोले निदान डोळ्यांसमोरचा माणूस होता. आता केशरी रेषांना चेहराच नव्हता, आणि म्हणून तो कोणाचाही असू शकत होता. रस्त्यात एखादी गाडी सफाईने वळली की अच्युत चालवणाऱ्याकडे रोखून बघू लागला. परवाना होता त्या दिवसांत आपण उत्तम चालवतो असं त्याला वाटायचं. केशरी रेषा पाहिल्यावर तोही अभिमान गेला.

रविवारी दुपारी सुमेधा जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. तो समोर येऊन उभा राहिला.

"तो कोण आहे?"

"कोण कोण?"

"तुझी गाडी चालवतो तो. घट सगळं सांगतो, सुमेधा. तुझ्याखेरीज आणखी एक हात आहे त्यात." मग त्याला थांबता येईना. "उताराला तो घाबरत नाही. वळणावर ब्रेकला पाय लावत नाही. खड्डा आला तर आधीच अंग चोरतो, गाडीला कळूही देत नाही. तुझ्या शेजारी बसून माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवणारा हा माणूस कोण आहे, तेवढं सांग. बाकी काही विचारत नाही."

सुमेधाच्या हातातली चिठ्ठी बाटलीला अर्धवट चिकटून लोंबत राहिली.

"तुम्हाला तो आवडलेला दिसतो," ती म्हणाली.

"उत्तर दे."

"माझ्या गाडीत मी असते."

"हे उत्तर झालं?"

"माझ्याकडे एवढंच आहे." तिने चिठ्ठी नीट दाबून बसवली आणि पुढची बाटली घेतली. त्याच्याकडे तिने पुन्हा पाहिलं नाही. त्याने त्याचाही अर्थ आपल्याला हवा तसा लावला.

सोमवारी तो मेट्रोने केंद्रात गेला आणि थेट नसरीनच्या प्रयोगशाळेत शिरला. केशरी हातवळण सगळ्या नोंदींशी जुळवून पाहा, म्हणाला. तिने नियम सांगितला तेव्हा त्याने इंगोलेचंही सांगून टाकलं.

नसरीनने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सर, हे मला वर कळवावं लागेल."

"कळवा. पण हे एवढं बघा."

"ग्राहकांच्या नोंदींना मी हात लावणार नाही." त्याच्या तोंडाकडे बघून तिला दया आली असावी. "आपल्या केंद्रातल्या लोकांच्या नोंदी आहेत. यंत्र बसवलं तेव्हा सगळ्यांनी चालनमंचावरच्या नकली गाडीत बसून त्या दिल्या होत्या, लेखी परवानगीसकट. तेवढ्याच जुळवते. तुमच्या गाडीतली दोन्ही."

केशरीसमोर एकही नाव आलं नाही. निळ्यासमोर आलं. जुळणी चौऱ्याण्णव टक्के. देवपुजारी अ. वि.

"हे चूक आहे," अच्युत म्हणाला. "या गाडीच्या चाकाला मी कधी हातसुद्धा लावलेला नाही. ती घेतली तेव्हा माझा परवाना जाऊन वर्ष झालं होतं."

"घट माणूस ओळखत नाही, सर. वागणं ओळखतो." नसरीन पडद्याकडे बघत हळू बोलत होती, जणू तिलाही ते आत्ताच उमगत होतं. "शेजारी बसून तुम्ही काय करता?"

"काय करणार? बसतो."

"बोलता?"

तो उत्तर द्यायला गेला आणि त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. पुढे ट्रक आहे. सोड आता. दाबू नको. स्कूटर बघ. अगं हळू. पाच वर्षं, जाताना आणि येताना. कडांचं दिसत नव्हतं, म्हणून त्याला प्रत्येक गोष्ट अचानक समोर आल्यासारखी वाटायची, आणि ती दिसण्याआधीच तो सुमेधाला थांबवायचा. ती थांबायची. पेडलवर पाय तिचा असायचा, पण प्रवाह तो मागत होता.

"मग केशरी..." तो म्हणाला.

"तुम्ही उतरल्यानंतरचं," नसरीन म्हणाली. "घट वाचवायचा असेल तर उपाय एकच आहे, सर. एक हात ठेवायचा."

घरी येऊन त्याने माफी मागितली. ती मागणं सोपं नव्हतं. त्याने तीनदा सुरुवात केली. सुमेधाने ऐकून घेतलं, पण माफ केलं असं काही म्हटलं नाही. "रागाला वेळ लागेल माझ्या," एवढंच म्हणाली.

"एकदा मला तुझ्याबरोबर येऊ दे," तो म्हणाला. "मी एक शब्द बोलणार नाही. तू एकटी असल्यासारखी चालव. मला ते बघायचंय."

मंगळवारी सुट्टी टाकून तो तिच्याबरोबर उमरेड रस्त्याला लागला. पाचगाव मागे पडेपर्यंत त्याने ओठ घट्ट मिटून ठेवले होते. समोर ट्रॅक्टर आला, म्हशी आल्या, एक दुचाकी उलट्या बाजूने आली. तो बोलला नाही. गाडी मात्र तशीच चालत होती. थोडं दाब, सोड, पुन्हा थोडं दाब.

"मी तर काही बोललो नाही," तो शेवटी म्हणाला.

"नाही बोललात."

"मग?"

"तुमचा उजवा पाय," सुमेधा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "ब्रेक असल्यासारखा खाली दाबता तुम्ही. मला दिसतो तो. आणि न बघितला तरी आता कळतं. तुम्ही शेजारी असलात की मला दुसरं येतच नाही हो. प्रयत्न करून पाहिलाय."

त्याने पायाकडे बघितलं. टाच उचललेली होती, चवडा पायपोसात रुतला होता.

थोडं पुढे एक चहाची टपरी होती. "इथे उतरतो मी," तो म्हणाला. "तू जा. परत जाईन कसाही."

तिने गाडी थांबवली. तो उतरला, दार लावलं. ती काही म्हणेल असं त्याला वाटलं. तिने फक्त मान हलवली आणि गाडी निघाली. आवाज नव्हता, धक्का नव्हता. पुढे रस्ता डावीकडे वळून खाली उतरत होता. सुमेधाने त्या वळणावर गाडी इतकी अलगद घातली, की पाणी उताराला लागावं तशी ती गेली. पाच वर्षं शेजारी बसूनही हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. दिसलंही काही क्षणच. झाडांनी गाडी झाकून टाकली.

तो चहा संपवतोय तोच एक गाडी खडीवर करकचून थांबली. इंगोले होता.

"साहेब, तुम्ही इथे? मॅडम सोडून गेल्या की काय? बसा ना जी, त्या गेल्या त्याच विहिरीवर चाललोय."

अच्युत बसला. गाडी हिसका देऊन निघाली.

"तुमच्या मोफत तपासणीत निघालं ना, माझा घट पार गेलाय म्हणून?" इंगोले मोठ्याने हसला. "मॅडम म्हणतात, तुला गाडी येत नाही, तू माझ्या गाडीत बस. म्हणून भिवापूरकडे पोचलो की पुढे मी त्यांच्याच गाडीत असतो. आणि खरं सांगू का, साहेब, पाच मिनिटांत मला डुलकी लागते. पाळण्यात घातल्यासारखं वाटतं. तुम्ही तर रोजच बसता म्हणा. तुम्हाला काय सांगायचं!"

अच्युतने त्याच्याकडे बघितलं. हा माणूस तिचा कोणी नव्हता, याची आता त्याला पुरती खात्री होती. तरीही इतक्या दिवसांत वाटला नव्हता एवढा हेवा त्याला आत्ता वाटला. सुमेधाच्या शेजारी बसून हा झोपत होता.

"इंगोले," तो म्हणाला, "उताराला ती काय करते?"

"म्हणजे?"

"कशी चालवते? गाणं म्हणते का? काच खाली असते का? सांगा ना. सगळं सांगा, सावकाश."

इंगोलेला प्रश्न विचित्र वाटला. पण तो बोलका माणूस होता. तो सांगू लागला, आणि अच्युत मान वळवून, एकही शब्द सुटू न देता ऐकत राहिला.