बारावी पाटी

दोह्याच्या सनायात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, चोवीस नंबर गल्लीत पाट्यांचा एक कारखाना आहे. दोह्यात गाडी चालवणाऱ्याला तो माहीत नसतो, पण 'पुढे वळण आहे', 'इथे गाडी लावू नये' असल्या ज्या पाट्या तो दिवसभर वाचतो, त्यांतल्या बऱ्याचशा इथून निघालेल्या असतात. महिपती जगदाळे या कारखान्यात सतरा वर्षं अक्षरं चिकटवतो आहे. इंग्रजी त्याला वाचता येतं, समजतं थोडं. अरबी वाचताही येत नाही, पण एकही अक्षर त्याने आजवर उलटं चिकटवलेलं नाही. इथे येण्याआधी तो तालुक्याच्या बाजारात स्टीलच्या भांड्यांवर नावं घालायचा. म्हणजे माणसाचा सगळा जन्म दुसऱ्यांची नावं घालण्यात चाललेला.

जानेवारीत एक वेगळी ऑर्डर आली. दुखानच्या बाजूला वाळवंटात एका परदेशी सिरियलचं शूटिंग होतं. गोष्ट अमेरिकेतली, दक्षिणेकडच्या कोरड्या मुलखातली. सोडून दिलेल्या एका डांबरी रस्त्यावर अमेरिका उभी करायची, आणि तिथे अकरा हिरव्या पाट्या हव्या होत्या, प्रत्येकीवर एका जिल्ह्याचं नाव. यादी घेऊन आली ती माहिरा, लखनौची मुलगी, शूटिंगच्या कलाविभागातली. फोरमन शहजादने तिला चहा दिला आणि महिपतीच्या टेबलाशी आणून सोडलं.

"ही कुणाची नावं?" महिपतीने हिंदीत विचारलं. प्रिचर्ड, हॉलरन, असली जीभ अडखळवणारी नावं होती.

"सरदारांची. नावं सिरियलसाठी बनवलेली आहेत, पण असे जिल्हे तिकडे खरंच आहेत. दीडशे वर्षांपूर्वी त्यांच्यात यादवी झाली ना, त्यातल्या सेनापतींच्या नावाचे."

"जिंकले त्यांच्या?"

"नाही. हरले त्यांच्या."

महिपतीला वाटलं, आपलं हिंदी कमी पडलं. त्याने पुन्हा विचारलं, तर उत्तर तेच.

"गुलाम ठेवायचा हक्क पाहिजे म्हणून लढले, हरले, आणि मग जिल्ह्यांना नावं त्यांचीच लागली," माहिरा म्हणाली.

"मग जिंकलेल्यांनी काय केलं?"

"जिंकले आणि घरी गेले."

पिकअपचा ड्रायव्हर बाबू दाराशी उभा होता. मालवणचा माणूस, गप्प बसणं त्याच्या रक्तात नाही. "आणि त्या गुलामांच्या नावाचो जिल्हो खंय आसा?" असं त्याने महिपतीला विचारलं आणि महिपतीने ते हिंदीत सांगितलं. माहिराने यादीवरून नजर फिरवली. "माझ्या यादीत तरी नाही," ती म्हणाली.

महिपतीच्या गावाकडे असला ढिसाळपणा कुणी करत नाही. तिथे हरलेल्याचं नाव लगोलग उतरतं. ज्याच्या हाती ससा तो पारधी, आणि पाटीही पारध्याचीच. हे महिपतीला कुणी सांगायला नको होतं, कारण नाव उतरवणारा तोच होता.

किसन त्याचा थोरला भाऊ. माळावर पहिली विहीर किसनने खणली, तिच्याभोवती पंधरा घरं झाली, लोक त्या वस्तीला किसननगर म्हणू लागले. रस्ता झाला तेव्हा महिपतीने याच कारखान्यात, याच टेबलावर, हिरव्या पत्र्याची पाटी करून विमानातून नेली. तेव्हा दोघा भावांत सुईच्या टोकाइतकाही दुरावा नव्हता. किसनची शाळा दोन महिन्यांची. त्याला वाचता यायचं ते एकच, स्वतःचं नाव, आणि तेही महिपतीनेच शिकवलेलं. तांब्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलं आणि दादाचं बोट धरून त्यावरून फिरवलं. किसन ते डोळ्यांनी शिकलाच नाही, बोटाच्या पेराने शिकला. पाटी लावली त्या दिवशीही चिकटवलेल्या अक्षरांच्या कडांवरून बोट फिरवत तो म्हणाला होता, "लागतंय रं बोटाला. माजंच हाय."

मग सहा वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीची निवडणूक आली. एका पॅनेलचा पुढारी किसन, दुसऱ्या पॅनेलमधून महिपतीची बायको राणी सरपंचपदाला उभी. गावात डोकी फुटली, एक गोठा जळला, मयताला खांदा द्यायलाही एका बाजूचे दुसरीकडे जाईनात. किसन हरला आणि दुसऱ्या दिवशी तो नावाचा तांब्या घेऊन गाव सोडून गेला. महिनाभराने महिपती सुट्टीवर आला तो नवी पाटी घेऊनच. 'महिपतीनगर'. जुनी पाटी उतरवून त्याने किसनच्या विहिरीत टाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला गाव नेहमी तयारच असतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी एकदा किसन परत आला होता म्हणतात. एसटीच्या कंडक्टरने त्याला फाट्यावर उतरताना पाहिलं. तो पाटीसमोर उभा राहिला, पाटीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि वस्तीकडे न जाता विहिरीच्या वाटेला लागला. पुढे कुणालाच दिसला नाही.

म्हातारी बायडाबाई, दोघांची आई, तेव्हापासून दर शुक्रवारी फोनवर एकच सांगते. पाट्यांची यादी आली त्या शुक्रवारीही तिने तेच सांगितलं.

"महिपती, त्याच्या नावाची पाटी लाव बाबा. त्याला तेवढंच वाचता येतंय. म्या आता लई दिसाची न्हाई. त्यानं घरी यावं आन् मंग मी जावं."

"माय, आपली वस्ती कुनी इसरतं का? यायचं असतं तर आला असता."

"आला व्हता की. पाटीनं माघारी धाडला."

"गावाला काय सांगू? जिंकून हरलो म्हनू?"

म्हातारी म्हणाली, "काय जिंकलास रं?" त्यावर महिपतीने फोन ठेवला. राणीची सरपंचकी संपून वर्ष झालं होतं, शेत पडीक होतं, किसनची विहीर वापराविना पडली होती आणि महिपतीनगरात महिपती वर्षातून एक महिना राहायचा. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसला त्याचा प्रकार होता.

सोमवारी पाट्या तयार झाल्या. शहजाद एकेक पाटी उचलून शटरच्या उजेडाकडे तिरकी धरत होता. तिसऱ्या पाटीशी तो थांबला.

"महिपती, जुन्या पत्र्यावर शीट मारलीस?"

या धंद्यात ते चालतं. जुनी अक्षरं खरवडायला अर्धा दिवस जातो, झाकायला पाच मिनिटं पुरतात. मात्र झाकलेल्या अक्षरांच्या कडा नव्या चिकट शीटखाली उठून राहतात, समोरून दिसत नाहीत, तिरक्या उजेडात दिसतात. महिपतीला ती खोड होती आणि शहजाद त्यावरून त्याला टोकायचाही. पण हे पत्रे कोरे होते. बंडल शहजादच्याच देखत फोडलं होतं.

महिपतीने वाकून पाहिलं. प्रिचर्डच्या पांढऱ्या अक्षरांखाली, हिरव्यात, दुसऱ्या अक्षरांच्या कडा उठल्या होत्या. वरून सरळ रेघ, खाली लोंबणारी वळणं.

"ही तुम्हा लोकांची लिखावट आहे ना?" शहजादने विचारलं.

महिपतीने पातं घेतलं आणि कोपऱ्यापासून शीट सोलत गेला. खाली चकचकीत पत्रा, ओरखडासुद्धा नाही. शहजादने पत्र्यावरून हात फिरवला, पालथा करून पाहिला आणि "खलास, नवी मार" एवढंच म्हणून निघून गेला. त्या दिवशी तो परत महिपतीच्या टेबलाकडे आला नाही.

गुरुवारी पहाटे बाबू आणि महिपती पाट्या लावायला गेले. अकरा पाट्या, बावीस खांब, मोजून गाडीत भरलेले. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना पांढुरकी जमीन, एक झाड नाही की झुडूप नाही. दर अर्ध्या किलोमीटरवर एक पाटी. सूर्य वर येईपर्यंत अकरावी लागली आणि गाडी रिकामी झाली. बाबूने थर्मासमधला चहा ओतला.

"हरलेल्यांचो रस्तो पुरो झालो," तो म्हणाला. मग कप तसाच हातात धरून पुढे बघत राहिला. "महिपती, ती कोणी लावली?"

अर्ध्या किलोमीटरवर, बरोबर तेवढ्याच अंतरावर, आणखी एक पाटी उभी होती.

ते गाडी घेऊन गेले. खांब त्यांच्याच कारखान्यातले, तसेच भोकं पाडलेले. पण पाटी जुनी. हिरवा रंग विटलेला, कडेला शेवाळ. खालच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं आणि वाळूत ताटाएवढा काळा डाग पडला होता. चार महिने या मुलखात पावसाचा थेंब नव्हता.

पाटीवर लिहिलं होतं, 'किसननगर'.

अक्षर महिपतीचं होतं. 'स'ची शेपटी तो जरा लांब कापतो, तशीच लांब. डावीकडचं भोक तिरपं. गावात उसन्या ड्रिलने पाडलं होतं ते.

बाबूला वाचता येत होतं. त्याने एकदा पाटी वाचली, एकदा महिपतीचं तोंड पाहिलं. "माका काय एक सांगू नको," तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. महिपतीने पाटी उतरवली. बंद विहिरीचा वास त्याच्या हातांना लागला. परतताना पाटी मागे होती, तरी बाबूने पूर्ण रस्ता दोन्ही काचा उघड्या ठेवल्या.

शुक्रवारी दुपारी माहिराचा फोन आला. शूटिंगच्या ट्रकने मागे येताना चौथी पाटी चेपली होती, संध्याकाळपर्यंत दुसरी हवी होती. सुट्टीमुळे कारखाना बंद, पत्र्याचं कपाट कुलपात आणि किल्ली शहजादकडे. शहजाद नमाजाला गेलेला, फोन उचलेना. त्या मापाचा एकच पत्रा मोकळा होता. कोपऱ्यात, भिंतीला टेकून. त्याच्याखालची फरशी कालपासून ओली होती.

महिपतीने पाटी टेबलावर घेतली आणि फडक्याने पुसली. पुसली की क्षणभर कोरडी व्हायची, मग पुन्हा दमट.

खोटं कशाला सांगायचं, त्याच्या मनात आलं होतं. मार्चमध्ये सुट्टी होती. हीच पाटी गावी न्यावी, फाट्यावर लावावी, म्हातारीला खाटेवरून दाखवावी. तिने मागितलं होतं तेवढंच, आणि ते आता त्याच्या दोन हातांत होतं. पण फाट्यावर चार माणसं जमतील, आणि कुणीतरी हसून विचारेल, का महिपतराव, उतरलं का वारं? तो प्रश्न त्याला दोह्यातही ऐकू आला.

त्याने हिरव्या शीटची गुंडाळी उलगडली. खरवडायला अर्धा दिवस जातो. झाकायला पाच मिनिटं.

रबरी पट्टीने शीट दाबत तो डावीकडून उजवीकडे गेला. 'कि' झाकला. 'स' झाकला. 'न' झाकला. मग 'नगर'ही झाकलं.

फोन वाजला. स्पीकर लावून त्याने तो टेबलावर ठेवला. राणी होती.

"अहो, आत्याबाई सकाळधरनं दाराशी बसल्यात. ताट वाढा म्हनतात, किसनभावजी आल्यात म्हनतात. कुनी नाय हो. पर पाट वला झालाय. तुमी बोला जरा."

मग म्हातारीचा आवाज आला, किती वर्षांनी इतका मोकळा.

"किसना आला व्हता रं. अंग समदं वलं. म्या म्हनलं बस, तर म्हनतो, माय, बसू कसा, पाटी तिकडं महिपतीनं नेली. ती वाचून येतो म्हनला."

"माय, कोन आला व्हता?"

"निगाला तो. तुज्याकडंच."

कारखान्यात पंखा बंद होता. शटर खाली होतं. बाहेर गल्लीत एकही गाडी नव्हती.

महिपतीने टेबलाकडे पाहिलं.

नव्या शीटच्या डाव्या टोकाला पाण्याचा एक थेंब होता. बोटाच्या पेराएवढा.

तो सरकला. झाकलेल्या 'कि'च्या कडेवरून सावकाश वर गेला, वळला, खाली आला. मागे ओली रेघ राहिली. थांबला. पुन्हा सुरुवातीला गेला. पुन्हा तीच कड चाचपू लागला.

महिपतीने रबरी पट्टी खाली ठेवली.

फोनमधून म्हातारीने विचारलं, "लागतंय का रं त्याच्या बोटाला?"