प्रणितचा पाय आणि कोमट डबी

हाताला गरम लागत नाही, तरी गरम झाला म्हणून बंद पडतो. हे कसं?

साल २०६१. चंद्रपूरची वेदिका आत्राम आठवडाभर याच कोड्यात अडकली होती. तिच्या धाकट्या भावाचा, प्रणितचा, डावा पाय यांत्रिक होता. घरात तो त्यावर मस्त पळायचा. दुपारी वाचनालयाचा जिना चढताना मात्र गुडघा आखडायचा आणि पायातून आवाज यायचा, ‘तापमान जास्त’. वेदिका लगेच नियंत्रक डबी (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या चिपचं घर) चाचपायची. नुसती कोमट!

कंपनीचा माणूस येऊन म्हणाला, मुलगा धसमुसळा आहे. पुन्हा बंद पडला तर पाय परत नेऊ. स्वतःला कळत नसलं की पोराला दोष द्यायचा, ही खोड २०६१ सालीही गेली नव्हती.

वेदिकाने आजोबांना गाठलं. त्यांनी आयुष्यभर चिपा बनवल्या होत्या.

“चिपच्या आत थर्मामीटर घाला ना,” ती म्हणाली.

“तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपमध्ये? अंदाज काढायचा, बाळा. पण हिशोबाने.”

त्यांनी फरशीवर खडूने मांडलं. चिपमधून वीज जाताना थोडी वाया जाते, तिची उष्णता होते. किती? प्रवाहाला प्रवाहानेच गुणायचं, मग चिपच्या रोधाने (विजेला होणाऱ्या अडथळ्याने). या चिपचा रोध एका ओहमचा विसावा भाग. सपाटीवर पाच अँपिअर, सव्वा वॅट. जिन्यावर दहा अँपिअर, पाच वॅट.

प्रवाह दुप्पट आणि उष्णता चौपट? वेदिकाने पुन्हा गुणून पाहिलं. चौपटच.

पुढे औष्णिक रोध (एक वॅट उष्णता बाहेर जाताना आतलं तापमान किती अंश वाढतं ते माप). कंपनीने तो आठ सांगितला होता. पाच आठे चाळीस. बाहेरचं ऊन चव्वेचाळीस. बेरीज चौऱ्याऐंशी. हे झालं संधी-तापमान (चिपच्या पोटातल्या सिलिकॉनचं तापमान).

“आणि चिप बंद कधी पडते?”

“दीडशेला.”

वेदिकाचं डोकंच चक्रावलं. “मग ती बंद पडायलाच नको. तुमचं गणित चुकलं.”

“गणित बरोबर आहे. हा आठ कुठला, ते विचार.”

“कंपनीने सांगितलेला.”

“उघड्या डबीचा.”

वेदिका प्रणितच्या पायाकडे बघत राहिली. डबीवरचं नवेपणाचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. त्यावर आईने विणलेलं लोकरीचं कव्हर, वर मोराचं नक्षीकाम. आपल्याकडे रिमोटपासून फ्रीजच्या मुठीपर्यंत सगळं गुंडाळून ठेवतात. वस्तूचा जीव गेला तरी चालेल, चकाकी जाऊ नये.

आजोबा म्हणाले, एवढे कपडे चढवल्यावर आठाचे बावीस तरी धर. पाच गुणिले बावीस, एकशे दहा. अधिक चव्वेचाळीस.

“एकशे चोपन्न,” वेदिका हळूच म्हणाली. “म्हणजे मी डबीला हात लावतच नव्हते. कव्हरला लावत होते.”

ती कव्हर आणि प्लास्टिक काढायला लागली तशी आई कुरकुरली, ओरखडे पडतील म्हणाली.

“पडू दे,” प्रणित म्हणाला. “पाय माझा आहे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याच उन्हात, तो वाचनालयाचा अख्खा जिना चढला. वेदिकाने उघड्या डबीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. चटका बसला होता.

प्रणितचा चेहरा उतरला. “आधीपेक्षा गरम? आता बंद पडणार?”

“नाही रे. आतली उष्णता आता बाहेर येतेय.”

प्रणितला ते नीटसं पटलं नाही. पण पाय चालू होता. त्याने वरून गावाभोवतीच्या जुन्या परकोटाकडे पाहिलं आणि विचारलं, त्याच्या पायऱ्यांना किती वॅट लागतील?

वेदिकाने खिशातून खडू काढला.