पोलादाच्या गावी चार दिवस

शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर आपली साड्या-मिठायांची दुकानं संपली की पुढे रशियन बेकऱ्या लागतात. तिथल्याच एका बेकरीत, खसखशीच्या शेवटच्या रोलवर नीलांबरीने आणि एका उंच मुलाने एकदमच बोट ठेवलं. अर्धा-अर्धा करायचं ठरलं. तिने बेकरीवालीचे रशियनमध्ये आभार मानले, तेव्हा तो मुलगा, परीक्षित, बघतच राहिला. मग तिने सांगितलं, की ती भिलाईत वाढली, शेजारी रशियन इंजिनियर राहायचे, आणि बाबा कारखान्यातर्फे ट्रेनिंगला रशियात, उरल पर्वताकडच्या एका पोलादाच्या गावी जाऊन आले होते. "एकदा बघायचंय ते गाव," असंही म्हणाली.

पुढच्या सप्टेंबरात परीक्षितने त्या गावाची दोन तिकिटं तिच्यासमोर ठेवली. मित्रमंडळी व्हेगासला जात होती आणि हा तिला कारखाना दाखवायला निघाला होता! याला प्रेम म्हणायचं की आणखी काही, तिला कळेना. त्यात नागपूरहून आईचा लकडा, की सांगून आलेल्या फ्रीमाँटच्या मुलाला काय कळवू? परत आल्यावर सांगते, ती म्हणाली. मैत्रिणींबरोबर जातेय, अशी थापही मारली.

गावात धुराडी होती, करडी नदी होती आणि एक ट्राम. परीक्षितने खोल्याही दोन घेतल्या होत्या, त्याही वेगवेगळ्या मजल्यांवर. मग बोलावलं कशाला? तो मात्र प्रत्येक धुराड्याला मान वर करकरून दाद देत होता. याला पोलादाचं वेड असावं, असं समजून ती बिचारी हो ला हो करत राहिली. बीटाचं सूप तिने डोळे मिटून गिळलं. त्याने तर दुसऱ्यांदा मागून घेतलं.

शेवटच्या संध्याकाळी ट्राम पुन्हा कारखान्याच्या फाटकाकडे निघाली. तो थंडीने कुडकुडत होता. तिने आपला एक हातमोजा त्याला दिला आणि न राहवून विचारलं, "तुला इथलं एवढं आवडलं तरी काय?"

"मला?" तो गोंधळला. "मला थंडी सोसत नाही, बीट तर अजिबात... तूच म्हणाली होतीस ना, बेकरीत?"

"अरे, ते तू बोलत राहावंस म्हणून म्हणाले होते, यार."

दोघं इतकी हसली, की पुढच्या सीटवरच्या आजी वळून बघायला लागल्या.

"आणि खोल्या दोन का?"

"घरी थाप मारून आलीस ना... निदान तुझ्या मनावर आणखी ओझं नको, म्हटलं."

नीलांबरीला भरून आलं. तिने फ्रीमाँटच्या स्थळाचं सगळं सांगून टाकलं. 

"तिकडे नको जाऊस," तो म्हणाला. "मला तू हवी आहेस... कायमची."

शिकागोला विमानतळावर सामानाची वाट बघतानाच तिने आईला फोन लावला. मैत्रिणींची थाप आधी कबूल केली, बोलणी खाल्ली, आणि मग फ्रीमाँटला नकार कळवायला सांगितलं.

"आणि कारण काय सांगू?" आई म्हणाली.

सर्दीने नाक लाल झालेला परीक्षित तिचा दुसरा हातमोजा शोधत होता.

"सांग," नीलांबरी म्हणाली, "बीट आवडत नसताना माझ्यासाठी दुसऱ्यांदा मागून घेणारा मिळालाय."